परतताना खाडीने या

राई,
८ जानेवारी १९७५

ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. राघोला, आमच्या होणाऱ्या जावयाला, आशीर्वाद.

तारीख नक्की झाली. माघ शुद्ध पंचमी, रविवार, १६ फेब्रुवारी. लग्न दमणला करायचा भावोजींचा आग्रह मी मान्य केला, हे आमच्या भावकीत पुष्कळांना रुचलेलं नाही. मुलीचं लग्न मुलीच्या दारात सोडून हद्दीपार कशाला, असं धर्माजीकाका तोंडावर म्हणाले. मी म्हटलं, शालू परक्या घरी जात नाही, आत्याकडे जातेय. शिवाय इथे जेवणावळीवर सरकारचं बंधन आहे आणि तिकडची सगळी व्यवस्था भावोजी बघतायत. यावर काका म्हणाले, “मंग मी पन येतो. मनाबी दमन बघाचा हाय.” तेव्हा सत्तरी ओलांडलेले काका आणि हौसाकाकूही येणार आहेत.

एकूण बावीस माणसं. चेणे गावचा नाथा त्याचा खडी वाहायचा ट्रक देतोय. स्वच्छ धुऊन, खाली पेंढा आणि वर सतरंज्या घालून आणतो म्हणाला. मी तुझ्याकडे दोनदा आलो तो रेल्वेने वापीपर्यंत. रस्त्याने आमच्यापैकी कोणीच आलेलं नाही. घोडबंदरचा नवा पूल झाल्यापासून सरळ जाता येतं एवढंच ऐकून आहे. किती वेळ लागतो, कुठे थांबावं, हद्दीवर काय विचारतात, नवी भांडी आणि साड्या आणल्या तर चालतात का, सगळं सविस्तर लिही. तुझ्या भावजयीला, सुगंधाला, गाडी लागते हे तुला ठाऊकच आहे.

शालू फारसं बोलत नाही. दमणचा समुद्र आपल्यासारखाच आहे का, असं मात्र तिने आईला दोनदा विचारलं.

तुझा,
कमळाकर


दमण,
१९ जानेवारी १९७५

कमळाकर,

तुझं पत्र राघोने मोठ्याने वाचून दाखवलं. मग दुपारी सगळे झोपल्यावर मी एकटीने परत वाचलं.

आता नीट ऐक. उजाडता उजाडता निघा, म्हणजे भाईंदरचं रेल्वे फाटक उघडं मिळेल. पूल ओलांडला की मनोरपर्यंत सरळ रस्ता. सुगंधाला पुढे नाथाच्या शेजारी बसव आणि तोंडात आवळासुपारी ठेवू दे, खायला काही देऊ नकोस. चारोटीला थांबा. तिथे पाणी चांगलं आहे आणि बायकांना आडोसा आहे. त्यापुढे झाडी लागते, मध्ये कुठे उतरू नका. तलासरीनंतर महाराष्ट्र संपतो, तिथे एक नाका. मग गुजरात. वापीला डावीकडे वळलात की दमणचा नाका. नाक्यावर नाथाला बोलू देऊ नकोस, तू बोल. शाळामास्तर आहे म्हटलं की माणसं जरा नीट वागतात. पत्रिका हातात ठेव. दागिने पेटीत नकोत, अंगावर घाला. आणि धर्माजीकाकांना सांग, वाटेत बाटली नको. गुजरातेत दारूबंदी फार कडक आहे.

तुम्हाला ही हद्द म्हणजे काहीच वाटणार नाही. मला अजून वाटतं. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली नव्हती तेव्हा पोर्तुगीजांनी आणि आपल्या सरकारने मिळून वाट बंद केली. बाबा गेले ते मला दीड महिन्याने कळलं. तेव्हा मी आमच्या खाडीच्या काठावर जाऊन उभी राहायची. पलीकडे गुजरातची गुरं चरायची. ओहोटीला ती चालत अलीकडे यायची आणि परत जायची. त्यांना कोणी अडवत नव्हतं. आता माझा भाऊ बावीस माणसं घेऊन दारात येणार, आणि त्यातलं एक माणूस कायमचं माझ्याजवळ राहणार. शालूला मी सून म्हणून आणत नाहीये, हे तुला सांगायला नको.

परतीचं तुझे भावोजी सांगतायत ते लिहिते. येताना वऱ्हाड बघून नाक्यावर सोडतात, पण जाताना दारूसाठी फार झडती घेतात. अंथरुणात सळ्या खुपसतात, बायकांच्या पिशव्या उलट्या करतात. ट्रकात माणसं बसवली म्हणूनही अडवतील. तेव्हा परतताना खाडीने या. म्हणजे आमच्या वाडीच्या दक्षिणेला ती खाडी आहे ना, ती ओहोटीला गुडघाभरसुद्धा नसते. गाड्या जातात. सोमवारी षष्ठी, बाराच्या आत उतरलं की झालं. पलीकडच्या गावात भावोजींचा माणूस उभा राहील, तो हमरस्त्याला लावून देईल.

सगळ्यांना सांभाळून आण.

आनंदी


राई,
२ फेब्रुवारी १९७५

ताई,

तुझं पत्र शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. चारोटीचा आडोसा ऐकून बायकांना बरं वाटलं.

खाडीचं ऐकून सुगंधा मात्र बिथरली. नाक्यावर पिशव्या उलट्या केल्या तरी चालतील, आपण आल्या वाटेने परत येऊ, असं ती म्हणते. मी तिला म्हटलं, माझा जन्म राईच्या खाडीवर गेला, तिथी सांगितली की पाणी कधी फिरणार हे मला न बघता कळतं. भावोजींनी एवढ्या आपुलकीने सुचवलंय आणि व्याह्यांचा शब्द पहिल्याच दिवशी मोडायचा हे बरं दिसत नाही. शेवटी ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

पंधराला, शनिवारी सकाळी निघतो. दुपारपर्यंत तुझ्या दारात.

कमळाकर


दमण,
१० मार्च १९७५

कमळाकर,

तीन वेळा लिहायला बसले. काय लिहायचं.

तुम्ही सगळे परत गेल्यापासून शालू उठते, कामं करते, जेवते. रडत नाही. तिला तेराव्याला पाठवायला हवं होतं, पण ताप उतरला नव्हता. राघो तिच्याजवळ असतो. मासेमारीला गेलेला नाही.

तू जेवतोस का? घरात कोण करतं? शेजारच्या सरूबाईला दोन वेळचं करायला सांग.

उशीर झाला त्यात कोणाचा दोष नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आनंदी


राई,
२० मे १९७५

ताई,

दोष कोणाचाच नाही असं तू लिहिलंस. तू काठावर नव्हतीस. म्हणून एकदा सगळं लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

दहाला निघायचं ठरलं होतं. शालूला सोडून माझा पाय निघत नव्हता. भावोजी म्हणाले, “बसा हो मास्तर, मुलीशी बोलून घ्या, पाणी कुठे पळून जातंय.” त्यांनी पुन्हा पानं मांडायला लावली. नाथा ट्रक घेऊन मागच्या वाडीत गेला होता, तो साडेबाराला आला. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की आता नाक्यावरून जाऊ. मी शालूचा हात धरून बसलो होतो. निघालो तेव्हा पावणेदोन वाजले होते.

खाडीवर आलो तर पाणी फिरलेलं. नाथाने माझ्याकडे बघितलं. मी उतरलो, मधल्या धारेपर्यंत चालत जाऊन आलो. गुडघ्याच्या वर होतं, तळ कठीण लागला. धर्माजीकाका वरून म्हणाले, “मास्तर, पानी चरतंय. भरती लागली.” मी म्हटलं, काका, खडी भरलेली नाही, रिकामा ट्रक आहे, पाच मिनिटांचं काम. मी नाथाला चल म्हटलं. ताई, मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

अर्ध्यावर मागची चाकं बसली. नाथा जोर करील तशी आणखी खाली गेली. पाणी फळीला लागलं तेव्हा मी सगळ्यांना उतरवलं आणि हाताला हात धरून पलीकडे न्यायला लागलो. सुगंधा येताना पुढे बसली होती, पण परतताना काकांना धरायला कोणीतरी हवं म्हणून मागे बसली होती. तिने हौसाकाकूंचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तुम्ही यांना पोचवा, मी काकांना उतरवते.” मी काकूंना पोचवून वळलो तेव्हा पाणी छातीवर होतं. मी परत आत गेलो. लोकांनी मला बाहेर ओढलं.

काका त्याच संध्याकाळी मिळाले. सुगंधा मंगळवारी मिळाली.

माझं गणित कुठे चुकलं हे मला अजून कळत नाही. तेवढ्या पाण्यात, तसल्या तळावर रिकामा ट्रक बसत नाही. मी रोज ते आठवतो आणि रोज उत्तर तेच येतं की ट्रक निघायला हवा होता.

हौसाकाकू माझ्या दारावरून जात नाहीत, बांधावरून वळसा घालून जातात. होळीला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या की मास्तरला आपल्या शहाणपणाची घमेंड, त्यात माझा माणूस गेला. त्या चूक नाहीत. चेण्याचा नाथा मला बघितलं की रस्ता सोडतो. तोही मला माफ करत नाही. शाळेचा राजीनामा मी मागच्या आठवड्यात दिला. चौथीला भरती-ओहोटीचा धडा आहे. मला तो शिकवता आला नाही.

आता मला कशात रस नाही. शालूची काळजी वाटत नाही, ती तुझ्याजवळ आहे. तेवढं एक बरं झालं.

कमळाकर


दमण,
१ जून १९७५

कमळाकर,

शालूची काळजी वाटत नाही असं तू लिहिलंस, ते वाचून मी दोन दिवस अंथरुणात होते. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी भीती वाटली. म्हणून हे पत्र. ह्यांना ठाऊक नाही, राघोला नाही, शालूला नाही.

तुझं गणित चुकलं नाही. ट्रक रिकामा नव्हता.

पेंढ्याखाली दारूची खोकी होती. सगळ्या तळभर एक थर, नव्वद खोकी. पलीकडच्या गावात जो माणूस उभा राहणार होता तो ती उतरवून घेणार होता. वऱ्हाडाच्या ट्रकावर कोणी संशय घेत नाही. लग्न दमणला व्हावं म्हणून ह्यांनी आग्रह का धरला, हे आता तुला कळलं असेल. ट्रक मागच्या वाडीत होता तो ह्यासाठी. माल वेळेवर आला नाही, म्हणून उशीर झाला. तुला बसवून ठेवलं, पानं मांडायला लावली. तू शालूचा हात धरून बसलास म्हणून उशीर झाला नाही, उशीर होणार होता म्हणून तुला बसवलं. आणि पानं मी मांडली.

मला माहीत होतं. जानेवारीत पत्र लिहिताना ह्यांनी सांगितलं, खाडीचं लिही. मी विचारलं, का? ते म्हणाले, तुला कशाला हवं. मला कळलं. ह्या घरात हे धंदे मी नव्याने बघत नव्हते. मी मनात म्हटलं, एवढे दिवस कोणाला काही झालं नाही, आताही होणार नाही. मला शालू घरात हवी होती. नाही म्हटलं असतं तर हे लग्न मोडतील ही भीती होती. मी लिहिलं.

अजून एक आहे. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. खोकी उतरवायच्या माणसांत धाकू म्हणून एक आहे. चैत्रात तो पिऊन आमच्या अंगणात आला आणि रडला. तुम्ही काठावर वाट बघत होता, तेव्हा रात्रीच्या ओहोटीला अंधारात ही माणसं शोधायला म्हणून गेली, ती आधी खोकी काढायला गेली. पोलीस यायच्या आत ट्रक मोकळा करायचा होता. सुगंधा पुढच्या चाकापाशी अडकली होती. त्यांना दिसली होती. खोकी काढून होईपर्यंत त्यांनी तिला तशीच ठेवली, आणि तोवर परत पाणी आलं.

ती आधीच गेलेली होती, असं धाकू शपथेवर म्हणतो. मला खरंखोटं ठाऊक नाही.

हे पत्र गावात वाचून दाखव. हौसाकाकूंना दाखव. तुझ्यावर जे आलंय ते तुझं नाही.

आनंदी


राई,
२९ जून १९७५

ताई,

पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण आधी नाथाला भेटायचं होतं.

तो खाणीवर होता. मला बघून निघून जायला लागला. मी तुझं पत्र वर धरलं आणि म्हटलं, नाथा, मला खोकी कळली. तो तिथेच दगडावर बसला. म्हणाला, “मास्तर, मी तुमच्या तोंडासमोर येयाचो न्हाय तो ह्याच्यासाठी. तुम्ही पान्यात उतरून बघत होता तवा माझ्या जिभेवर आलता. पन तुमचे व्याही म्हनले होते, बोललास त आधी तू आत जाशील.”

मी विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं?

त्याने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. मग म्हणाला, “वैनींना.”

सुगंधा मागे चढली तेव्हा बैठक उंच लागली म्हणून तिने पेंढा हलवून बघितला. तिने नाथाला विचारलं, त्याने सांगितलं. ती त्याला म्हणाली, “मास्तरांना बोलू नकोस. ते आत्ताच्या आत्ता खाली उतरतील, भांडण होईल, आणि शालूचं लग्न एका दिवसात मोडेल.” मग ती त्या खोक्यांवर सतरंजी नीट करून बसली आणि काकांना आधार दिला.

मी काठावर उभं राहून रिकामा ट्रक आहे म्हणालो, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं ती भ्यायलीय.

ताई, तिने शालूसाठी तोंड उघडलं नाही. तूही शालूसाठीच तोंड उघडलं नाहीस. मी हे रोज एकापुढे एक ठेवून बघतो. तिच्यावर मला राग धरता येत नाही. तुझ्यावर येतो. कदाचित हे बरोबर नसेल.

काल हौसाकाकूंकडे गेलो. त्या अंगणात सुके बोंबील निवडत होत्या. मी दारात उभा राहूनच पत्र वाचलं, शेवटपर्यंत. त्या म्हणाल्या, “म्हंजी माझा मानूस दारूपायी गेला. आनि मी तुला बोलली.” मग त्यांनी विचारलं, “शालूला ठावं हाय का?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “मंग हितं काय करतोस? दुसऱ्या कुनाच्या तोंडून कलाच्या आदी जा.”

मी येत्या रविवारी येतोय. शालूला मी सांगणार. राघोलाही, कारण तो तिचा नवरा आहे आणि त्याचा यात काही दोष नाही असं मी धरून चाललोय. तिथून पलीकडच्या पोलिसांत जाणार आणि माझा जबाब बदलणार. नाथा माझ्याबरोबर यायला तयार आहे. भावोजींना घरी थांबायला सांग, किंवा सांगू नकोस. मला फरक पडत नाही.

कमळाकर


दमण,
११ ऑगस्ट १९७५

कमळाकर,

राघो आणि शालू तुझ्याकडे नीट पोचली, हे सरूबाईच्या पत्राने कळलं. तू लिहिणार नाहीस हे मला समजतं.

तू बोलून निघून गेलास, त्यानंतरचं तुला शालूने सांगितलं असेल की नाही मला माहीत नाही. तू गेल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, “आत्या, मंगळवारी मला उठवून आई मिळाली म्हणालीस, तेव्हा तुला खोकी माहीत होती?” मी हो म्हटलं. “आणि त्यांनी तिला ठेवलं ते?” मी म्हटलं, ते चैत्रात कळलं. ती म्हणाली, “चैत्रापासून तू माझे केस विंचरतेस.”

एवढंच. मग तिने चुलीवरचा भात उतरवला, सासऱ्यांचं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं, हात धुतले आणि कपडे बांधले. राघो वडिलांजवळ जाऊन म्हणाला, “खरं का?” हे म्हणाले, माल कोणाचा होता हे तुला कळत नाही, मला दुसरा इलाज नव्हता. राघो जाळी इथेच टाकून तिच्याबरोबर निघाला.

ह्यांना जुलैत नेलं होतं, आता जामिनावर सोडलंय. ओटीवर बसून असतात. मी वाढते, ते जेवतात. दुसरं कोण वाढणार. वाडीतलं कोणी येत नाही, काही ह्यांच्यावर रागावून आणि काही मी तोंड उघडलं म्हणून.

शालूला पाचवा महिना लागला असेल. तिला पित्त होतं, जिऱ्याचं पाणी दे. बाळंतपणाला मला बोलवा असं मी म्हणणार नाही. फक्त झाल्यावर कळव, दोन शब्द.

आनंदी


राई,
२९ डिसेंबर १९७५

ताई,

शालूला २३ तारखेला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हौसाकाकू रात्रंदिवस जवळ होत्या.

राघो इथल्या मिठागरावर कामाला जातो. माणूस चांगला आहे. त्याच्याशी मी वडिलांबद्दल बोलत नाही आणि तोही काढत नाही. मला शाळेने परत बोलावलं, जानेवारीपासून जाईन म्हणतो.

तू पाठवलेलं बाळाचं दुपटं शालूने उघडून बघितलं, घडी करून पेटीत ठेवलं. परत पाठवू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, राहू दे. वापरू का, असं सरूबाईने विचारलं, त्यावर तिने पेटीचं झाकण लावलं. मी तुला हे जसं झालं तसं लिहितोय, त्यातून काही अर्थ काढू नकोस.

भेटायला येऊ का, असं तू विचारलं नाहीस हे बरं केलंस. आत्ता नको. सुगंधाचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीत आहे, तेव्हाही नको. मला तुझ्याशी बोलायचं नाही असं नाही. पण तू समोर आलीस की मला ती सतरंजी नीट करून बसलेली दिसेल, आणि तुझ्याशी काय बोलायचं हे मला अजून ठाऊक नाही.

मुलीचं नाव सुगंधा ठेवलंय. तू तिकडे तिला मनातल्या मनात हाक मारशील, ती मी थांबवू शकत नाही.

कमळाकर